बाह्यरेषा एकीकडे, भराव दुसरीकडे: मशीन भरतकामात परत परत पडणारी फट

पान भरून झालेलं असतं. हिरवा भराव सुरेख बसलेला, मधल्या शिरा जागच्या जागी. शेवटी गडद हिरव्या दोऱ्याची बाह्यरेषा सुरू होते आणि पानाच्या दोन्ही अंगांना आधी केसभर, मग काडीभर पांढरी फट सोडत जाते. वर टोकाशी मात्र उलटं: तिथे भरावच रेषेबाहेर डोकावतो. हूप (कापड धरून ठेवणारी चौकट) सोडायचा, नवं कापड लावायचं, स्क्रू आणखी आवळायचा, तेच डिझाइन पुन्हा चालवायचं, आणि पुन्हा तीच फट.

मशीनवरचं भरतकाम शिकायला घेतलेल्या बहुतेकांची या फटीशी लवकरच गाठ पडते. मला ती सात-आठ महिने पुरून उरली. त्या काळात मी सुया बदलल्या, दोऱ्याचा ताण कमीजास्त केला, हूपचा स्क्रू पेचकसाने पिळला, मशीन तपासायला देऊन आणलं. यंत्रात काही दोष नाही असं कारागिराने सांगितलं, आणि ते खरंच होतं. दोष होता तिथे मी बघतच नव्हते. तो सापडला एका साध्या चाचणीने, अर्ध्या तासात. ती चाचणी आधी करा, बाकी कशालाही हात त्यानंतर लावा. खाली बरंच काही लिहिलं आहे, पण सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हेच.

कापड हलतं कसं

हाताने भरताना सुई फिरते आणि कापड थांबलेलं असतं. मशीनवर याच्या उलट. सुई एकाच जागी वरखाली होते आणि कापड धरलेली चौकट तिच्याखाली सरकते. ही रीत संगणकाच्या फार आधीची आहे. फ्रान्समधल्या म्यूलूझच्या जोसुए हाइलमान यांनी १८२८ मध्ये हाताने चालवायचं भरतकामाचं यंत्र तयार केलं. त्यातही कारागीर मोठ्या काढलेल्या नक्षीवरून पँटोग्राफचं, म्हणजे नक्षी लहान करून उतरवणाऱ्या दांड्यांच्या साधनाचं, टोक फिरवायचा आणि ताणलेलं कापड त्या हिशेबाने चौकटीसकट सरकायचं. तेव्हापासून आजपर्यंत सगळा भरवसा एकाच गोष्टीवर आहे: चौकट जेवढी सरकेल तेवढंच कापडही सरकलं पाहिजे. चौकट बरोबर गेली आणि कापड तिच्या आत अर्धा मिलिमीटर आकसलं, की रेषा चुकलीच.

कापडाला आकसवतो तो दोरा. प्रत्येक टाका ताणाखाली बसतो आणि आपल्या दोन भोकांना एकमेकांकडे किंचित ओढतो. एका टाक्याची ओढ डोळ्यांना दिसणार नाही, पण पानात असे शेकडो टाके शेजारी शेजारी पडतात आणि सगळे एकाच दिशेने ओढतात. म्हणून भरलेला आकार टाक्याच्या दिशेने अरुंद होतो. दुसरीकडे, एवढा दोरा कापडात कोंबला की ओळी एकमेकींना ढकलतात, आणि जिथे ओळी संपतात त्या टोकांना आकार बाहेर फुगतो. आडव्या टाक्यांनी भरलेलं उभं पान त्यामुळेच रुंदीला कमी आणि उंचीला जास्त होतं. बाह्यरेषा मात्र पडद्यावरच्या मूळ मापावर चालते. तिला या आकसण्याची खबरच नसते.

हे एकदा मनात बसलं की फटीकडे बघायची नजर बदलते.

आधी फटीचा आकार बघा

दोरा कापायच्या आधी, हूपमध्ये असतानाच, भिंग घेऊन सगळ्या कडेने फिरा. फट कुठे आहे आणि तिच्या बरोबर समोरच्या कडेला काय झालंय, हे दोन्ही टिपून ठेवा.

दोन समोरासमोरच्या कडांना फट आणि उरलेल्या दोन कडांना भराव बाहेर, असं असेल तर ही वर सांगितलेली दोऱ्याची ओढ आहे. एका कडेला फट आणि तिच्या समोरच्या कडेला रेषा भरावाच्या आत शिरलेली असेल, तर आकार आकसलेला नाही, कापड किंवा हूप सरकलेला आहे. हे दोन दोष अगदी वेगळे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. पहिल्यात स्क्रू कितीही आवळा, उपयोग होत नाही. दुसऱ्यात डिझाइनमध्ये कितीही खटाटोप करा, उपयोग होत नाही. मी सात-आठ महिने पहिल्या दोषावर दुसऱ्याचे उपाय करत होते.

तिसरा प्रकार ओळखायला सोपा आहे. एका ठरावीक क्षणापर्यंत सगळं जुळलेलं आणि तिथून पुढचं प्रत्येक रंगकाम एकाच बाजूला एकाच अंतराने सरकलेलं. हूपला धक्का लागला, तो मागे भिंतीला किंवा वायरीला अडला, कापडाचा लोंबणारा भाग कुठेतरी अडकला, असंच काहीतरी झालेलं असतं. अशा वेळी डिझाइन उघडून बघत बसू नका, मशीनच्या भोवतालची जागा मोकळी करा.

डिझाइन फिरवून बघायची चाचणी

पहिले दोन प्रकार खऱ्या डिझाइनमध्ये एकमेकांत मिसळतात, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नका. साधारण ४० मिलिमीटर व्यासाचं एक वर्तुळ घ्या, आडव्या ओळींनी भरा, आणि त्याच मापाची एकेरी धावदोऱ्याची बाह्यरेषा शेवटी घाला. पुल कॉम्पेन्सेशन, म्हणजे ओढीची भरपाई, या वर्तुळाला शून्य ठेवा. आपल्याला दोष झाकायचा नाही, बघायचा आहे.

हे वर्तुळ तुमच्या नेहमीच्या कापडावर, नेहमीच्या बॅकिंगवर (कापडामागे लावायचा आधाराचा थर) चालवा. मग कापड आणि हूप तसेच ठेवून शेजारच्या मोकळ्या जागेत तेच डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ९० अंशांनी फिरवून चालवा. फिरवल्यावर टाके उभे झालेत याची पडद्यावर खात्री करा. काही सॉफ्टवेअरमध्ये आकार फिरतो आणि टाक्याचा कोन तसाच राहतो.

आता दोन्ही वर्तुळं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात फट डावी-उजवीकडे होती आणि दुसऱ्यात ती वर-खाली गेली, म्हणजे फट डिझाइनबरोबर फिरली. कारण टाक्याच्या ओढीत आहे आणि इलाज डिजिटायझिंगमध्ये, म्हणजे आकारांचे टाके संगणकावर ठरवण्याच्या कामात. दोन्हींत फट एकाच बाजूला राहिली, तर ती कापडाला किंवा हूपला बांधलेली आहे. या दुसऱ्या प्रकारात आणखी एक वर्तुळ चालवायचं: कापडाचा तोच तुकडा हूपमध्ये ९० अंशांनी फिरवून लावा आणि डिझाइन मूळ स्थितीत ठेवा. फट कापडाबरोबर फिरली तर कापड एका दिशेने जास्त ताणलं जातंय. होजियरीत हे नेहमीचं आहे, ते आडवं जास्त आणि उभं कमी ताणलं जातं. कापड फिरवूनही फट मशीनच्या त्याच बाजूला राहिली तर हूपची पकड किंवा हूप जोडायचा खटका तपासा.

चाचणीचा तुकडा टाकू नका, त्याच्यावर तारीख, कापड, बॅकिंग आणि सुई लिहून जपून ठेवा. पुढे नवं कापड हाती आलं की याच तुकड्याशी ताडून बघता येतं.

एक कळकळीची सूचना: चाचणीच्या मध्ये दोन गोष्टी एकदम बदलू नका. सुईही बदलली आणि बॅकिंगही बदललं, आणि फट गेली, तर काय लागू पडलं ते कळणार नाही आणि पुढच्या कापडावर फट परत येईल. माझा शोध इतके महिने लांबला, त्याचं एक कारण हेही होतं.

कापड आणि हूप

हूपमधलं कापड ढोलकीसारखं वाजलं पाहिजे, असं आपल्याला पहिल्या दिवशी सांगतात. घट्ट विणलेल्या सुती कापडाला हे बऱ्यापैकी चालतं. होजियरीला अजिबात नाही. ताणलं जाणारं कापड ढोलकीसारखं केलं म्हणजे ते ताणलेल्या स्थितीत भरलं जातं. हूप सोडला की कापड मूळ मापावर यायला बघतं, वरचा भराव येऊ देत नाही, आणि कडेने चुण्या पडतात. हूपमध्ये जुळलेली रेषा बाहेर काढल्यावर वाकडी दिसते ती यामुळे. कापड सपाट आणि सरळ असावं, त्यात झोळ नसावा, पण ते लांबवलेलं नसावं. ताण सोसायचं काम बॅकिंगचं आहे.

हे तपासायची सोपी युक्ती अशी. हूप लावायच्या आधी कापडावर पाण्याने जाणाऱ्या पेनाने उभ्या-आडव्या धाग्याला धरून २० मिलिमीटरचा चौकोन काढा. हूप लावल्यावर तो मोजा. चौकोनाचा आयत झाला असेल तर कापड ताणलं गेलंय, आणि तिरका झाला असेल तर कापड उरेबीत गेलंय. दोन्ही वेळा हूप सोडून परत लावा. हूप लावून झाल्यावर कडा धरून कापड ओढायची सवय अनेकांना असते, मलाही होती. तशा ओढीने कोपरे उरेब होतात आणि मधला भाग होता तसाच सैल राहतो. त्यापेक्षा स्क्रू आधीच जवळजवळ हवा तेवढा आवळून ठेवा, मग आतली रिंग दाबून बसवा, आणि शेवटी अगदी थोडा पीळ द्या. पेनाची खूण पाण्याने पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका, काही शाया उष्णतेने कायमच्या बसतात.

आतली रिंग गुळगुळीत प्लास्टिकची असेल तर तिच्याभोवती सुती फीत गुंडाळून टोक शिवून टाका. हातभरतकामाच्या लाकडी रिंगेला पूर्वापार हेच करतात. पकड लक्षणीय वाढते आणि कापडावर वळही कमी उठतात. फक्त फितीने जाडी वाढून रिंग वर उचलली जात नाही ना, ते बघा. हूप डिझाइन मावेल तेवढा लहान घ्या. मोठ्या हूपच्या मध्यावर लहान डिझाइन भरलं की मधलं कापड कडेपासून लांब पडतं आणि सहज खेचलं जातं.

बॅकिंगबद्दल मी ठाम आहे: ताणल्या जाणाऱ्या कापडाला कटअवेच (जादा भाग कात्रीने कापायचं बॅकिंग) हवं. टेअरअवे फाडायला सोपं म्हणून सगळ्यांना आवडतं, पण सुईची भोकं पडत गेली की ते भरतानाच फाटायला लागतं. भराव संपेपर्यंत कडेचं टेअरअवे सुटलेलं असतं आणि नेमकी तेव्हा बाह्यरेषा सुरू होते. तिला धरून ठेवायला खाली काहीच उरत नाही. कटअवे मागे कायम राहतं, धुतल्यानंतरही भराव सांभाळतं. घट्ट विणलेल्या सुती कापडावर हलकं डिझाइन असेल तर टेअरअवे पुरतं. टॉवेलसारख्या लव असलेल्या कापडावर वरून पाण्यात विरघळणारी फिल्मही घाला, नाहीतर रेषा लवेत बुडते आणि फट नसतानाही फट भासते.

बॅकिंग हूपमध्ये कापडाबरोबरच धरलं गेलं पाहिजे. ते हूपखाली नुसतं सरकवलेलं असेल तर त्याचा आधार अर्धाच मिळतो. कापड हूपमध्ये धरता येत नसेल, म्हणजे तयार कॉलर किंवा छोटी पिशवी असेल, तर उलट करा: बॅकिंग हूपमध्ये लावा, कापड त्यावर तात्पुरत्या चिकटणाऱ्या स्प्रेने बसवा, आणि डिझाइनच्या भोवती लांब टाक्यांची चौकट टाचून घ्या. अनेक मशीनमध्ये या टाचणीची सोय असते. नसेल तर ७-८ मिलिमीटरच्या टाक्यांची चौकट स्वतः डिझाइनच्या सुरुवातीला घाला. पाच मिनिटांचं काम आहे, पण सरकण्याच्या दोषावर मला एवढा गुण दुसऱ्या कशाने आलेला नाही.

सुती कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. पॉलिएस्टरचा दोरा धुतल्यावर आकसत नाही, कापड आकसतं, आणि पहिल्या धुण्यानंतर भरावाभोवती चुण्या उठतात. हा दोष हूपमध्ये कधीच दिसत नाही.

डिझाइनमधला दोष

फट डिझाइनबरोबर फिरली असेल तर खरं काम इथे आहे. छंद म्हणून शिकणाऱ्यांनी डिजिटायझिंगला घाबरू नये, असं मला मनापासून वाटतं. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरवर चालणारं इंकस्टिच मोफत आणि मुक्त स्रोताचं आहे, आणि इथे सांगितलेलं सगळं त्यातही करता येतं.

पहिली गोष्ट अंडरले. वरच्या भरावाच्या आधी पडणारे हे विरळ टाके कापडाला बॅकिंगशी बांधून टाकतात, म्हणजे खरी ओढ सुरू होण्याआधी दोन्ही थर एक झालेले असतात. घर बांधताना पाया, तसं हे. भरावाखालचं अंडरले वरच्या टाक्यांना काटकोनात असावं, ओळींमधलं अंतर २ ते ३ मिलिमीटर. त्याशिवाय कडेच्या आत साधारण अर्धा मिलिमीटर अंतर ठेवून धावदोऱ्याचा एक फेरा घ्या, त्याने कड खेचली जायची थांबते. अंडरलेने टाके वाढतात म्हणून ते बंद करणारे लोक मी पाहिलेत. टाके वाचतात आणि कापडाचा तुकडा वाया जातो.

दुसरी गोष्ट घनता. नेहमीच्या ४० नंबरच्या दोऱ्याला ओळींमधलं अंतर ०.४ मिलिमीटर हे चांगलं सुरुवातीचं माप आहे. याचा अर्थ काय ते हिशेबाने बघू. ४० मिलिमीटरचा चौकोन, ०.४ अंतर, म्हणजे १०० ओळी. टाका ४ मिलिमीटरचा धरला तर ओळीत १० टाके, एकूण १००० टाके. भराव जरा दाट दिसावा म्हणून अंतर ०.३ केलं तर ओळी होतात १३३ आणि टाके १३३० च्या आसपास. दोरा एक तृतीयांशाने वाढला, आणि त्याबरोबर ओढही वाढली. पांढरं कापड भरावातून डोकावतंय म्हणून आपण घनता वाढवतो, त्याने फट आणखी रुंदावते. डोकावणं थांबवायला काटकोनातलं अंडरले पुरेसं असतं. घनतेला हात लावायच्या आधी ते करून बघा. बारीक दोरा, म्हणजे ६० नंबर, वापरत असाल तर मात्र अंतर कमी करावंच लागतं.

याच्याशी जोडलेला एक छुपा दोष आहे. तयार डिझाइन मापाने लहान केलं की फट अचानक वाढते. डीएसटीसारख्या, मशीनला द्यायच्या फायलीत आकार साठवलेले नसतात, सुई कुठे कुठे पडायची ते बिंदू साठवलेले असतात. अशी फाइल मशीनवरच ८० टक्क्यांवर आणली की टाके तेवढेच राहतात आणि जागा कमी होते. ०.४ चं अंतर ०.३२ होऊन बसतं. काही मशीन आणि सॉफ्टवेअर टाके नव्याने मोजतात, बरीच मोजत नाहीत. लहान केल्यावर टाक्यांचा आकडा कमी झाला का, एवढं बघितलं तरी उलगडा होतो. झाला नसेल तर ते माप १० टक्क्यांपेक्षा जास्त बदलू नका, मूळ आकारांची फाइल मिळवून ती लहान करा.

आता ओढीची भरपाई. पुल कॉम्पेन्सेशन म्हणजे आकार जेवढा आकसणार आहे तेवढा तो आधीच रुंद भरणं, तोही टाक्याच्या दिशेने. घट्ट सुती कापडावर ०.२ मिलिमीटरपासून सुरुवात करा, होजियरीवर ०.३ ते ०.४, लव असलेल्या जाड कापडावर त्याहून थोडं जास्त. ही नुसती सुरुवात आहे. तुमचं खरं माप तुमच्या चाचणीच्या वर्तुळात लिहिलेलं आहे. फट पट्टीने मोजा, दोन्ही कडांना साधारण ०.४ ची फट असेल तर प्रत्येक कडेला तेवढी भरपाई द्या आणि वर्तुळ पुन्हा चालवा. काही सॉफ्टवेअर भरपाई एका कडेची मानतात, काही दोन्ही कडांची मिळून. पडद्यावर आकार मोजून बघितला की तुमचं कोणतं ते समजतं. अंडरले आणि बॅकिंग ठीक केल्यावरच भरपाईकडे वळा. आधीच मोठी भरपाई दिली तर सुती कापडावर जुळलेलं डिझाइन होजियरीवर विस्कटतं.

भरपाई फक्त रुंदीची असते. टोकांना फुगणाऱ्या भागाला ती काही करत नाही, तिथे आकार हाताने आखूड करावा लागतो. अक्षरांत हे फार ठळक दिसतं. उभ्या काठीचे टाके आडवे असतात, म्हणून काठी खाली लांबते आणि शेजारच्या गोल भागापेक्षा खाली उतरलेली दिसते. देवनागरीत शिरोरेषा हा वेगळाच पेच आहे. तिचे टाके उभे, म्हणून ती उंचीला बारीक होते आणि दोन्ही टोकांना लांबते. तिच्याखाली येणाऱ्या काठ्यांचे टाके आडवे, म्हणून त्या वरच्या टोकाला फुगून शिरोरेषेत शिरतात. काठ्या आधी, शिरोरेषा शेवटी, काठीचं वरचं टोक शिरोरेषेच्या अर्ध्या जाडीपर्यंतच, आणि शिरोरेषेला जास्त भरपाई: असं केल्यावर माझी नावं वाचण्यासारखी झाली. लॅटिन लिपीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांत हा भाग सापडत नाही, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिलं.

क्रमाचाही मोठा वाटा आहे. सगळे रंग आधी आणि सगळ्या बाह्यरेषा शेवटी, असा क्रम दोरा बदलायला सोयीचा असतो, पण पहिल्या पानाची रेषा येईपर्यंत शेजारी आणखी पाच आकार भरले गेलेले असतात आणि प्रत्येकाने कापड आपल्याकडे खेचलेलं असतं. आकार भरला की त्याची रेषा लगेच, मग पुढचा आकार. दोरा जास्त वेळा बदलावा लागतो, हे मान्य. निदान मधून बाहेर जाण्याचा क्रम तरी ठेवा. बाहेरून मध्याकडे भरत आलं की सगळा झोळ मधोमध जमतो आणि तिथे पळून जायला जागा नसते.

आपोआप डिजिटायझिंग करणारी सोय आकार एकमेकांना तंतोतंत टेकवून देते. पडद्यावर ते नीटनेटकं दिसतं, कापडावर दोन रंगांत फट पडतेच. खालचा रंग वरच्या रंगाखाली अर्धा ते एक मिलिमीटर सरकवा. बाह्यरेषाही एकेरी धावदोऱ्याची ठेवू नका, तिला चुकायला जागाच नसते. दीड ते दोन मिलिमीटर रुंद सॅटिनची (शेजारी शेजारी आडव्या टाक्यांची पट्टी) रेषा अर्धी भरावावर आणि अर्धी बाहेर बसवली तर लहानसहान आकसणं तिच्याखाली झाकलं जातं. नाजूक रेषाच हवी असेल तर तिहेरी धावदोरा घ्या आणि रेषा भरावाच्या कडेपासून थोडी आत आणा.

टाक्याचा कोन शेवटी, पण तो विसरू नका. होजियरी आडवी ताणली जाते आणि टाकेही आडवे असतील तर दोन्ही दोष एकत्र येतात. कोन ४५ अंशांवर नेला की ओढ वाटली जाते. आणि डिझाइनमधले सगळे आकार एकाच कोनात भरण्यापेक्षा शेजारच्यांचे कोन वेगळे ठेवा.

मशीन

याबद्दल थोडक्यात, कारण इथे दोष क्वचितच सापडतो. सॅटिनची पट्टी उलटी करून बघा: मधोमध साधारण एक तृतीयांश रुंदीत बॉबिनचा दोरा आणि दोन्ही बाजूंना वरचा दोरा दिसला पाहिजे. बॉबिनचा दोरा मागे जवळजवळ सगळीकडे दिसत असेल तर वरचा ताण जास्त आहे. तो कमी केला की ओढही कमी होते. सुई ७५ नंबरची घ्या, होजियरीला गोल टोकाची, घट्ट कापडाला अणकुचीदार. बोथट सुई कापड भोसकण्याआधी खाली दाबते आणि वर जाताना बरोबर उचलते. कापड सुईबरोबर उड्या मारताना दिसलं तर सुई बदला आणि हूप पुन्हा लावा. वेग मिनिटाला ६०० टाक्यांवर आणा, बाह्यरेषेला त्याहून कमी चालेल. जड कपडा हूपबाहेर लोंबत असेल तर त्याला टेबलावर आधार द्या, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने हूपला खेचत राहतो. आणि हूप मशीनला जोडल्यावर हलकेच हलवून बघा, खटक्यात तो खुळखुळला नाही पाहिजे.

फट पडलेला नग हातात असेल तर

हूप सोडला नसेल तर सोडू नका. फट एका बाजूला असेल तर बाह्यरेषेचाच रंग निवडा, मशीनवर डिझाइन फट असलेल्या कडेकडून भरावाच्या दिशेने अर्धा मिलिमीटर सरकवा आणि रेषा दुसऱ्यांदा चालवा. दुहेरी रेषा किंचित जाड दिसते, पण फट जाते. दोन्ही कडांना फट असेल तर सरकवून भागत नाही, एक कड सुधारली की दुसरी बिघडते. तिथे रेषेची रुंदी वाढवलेली फाइल बनवून फक्त तेवढाच रंग पुन्हा चालवा.

हूप सोडला असेल तर तो पुन्हा त्याच जागी बसवायचा प्रयत्न मी करत नाही, फार क्वचित जमतो. भरावाचाच दोरा हातसुईत ओवा आणि फटीत लांब-आखूड टाके घाला. प्रत्येक टाका भरावाच्या आतून सुरू करा आणि रेषेखाली संपवा, टाक्याची दिशा मशीनच्या टाक्यांशी जुळवून. दोरा फार ओढू नका, नाहीतर तीच ओढ पुन्हा सुरू होते. हाताने केलेला हा भाग एक हात अंतरावरून ओळखू येत नाही. भराव बाहेर डोकावत असेल तिथे टाके कापू नका, भराव उसवतो. त्याच्यावरून बाह्यरेषेच्या दोऱ्याने साखळी टाका घाला.

माझं ते पहिलं पान मी असंच दुरुस्त केलं. त्याच्या फाइलमध्ये मग काटकोनातलं अंडरले घातलं, घनता ०.३ वरून ०.४ वर आणली, कडेला ०.३ ची भरपाई दिली आणि कापडामागे कटअवे लावलं. हूपचा स्क्रू पूर्वीपेक्षा सैल होता. रेषा पानाच्या टोकापर्यंत भरावाला धरून गेली.